मोर्चाचा अर्ज, जमावबंदीचा आदेश आणि माईकवरचं वाक्य : आंदोलनाचा हक्क नेमका कुठपर्यंत?

वकिली_नजर (धागाकर्ता)

"विनापरवाना मोर्चा काढल्याबद्दल गुन्हा दाखल" ही बातमी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतच असते. त्याखालच्या चर्चेत एक गट म्हणतो, संविधानाने हक्क दिलाय, परवानगी कसली मागायची? दुसरा म्हणतो, परवानगी नाही म्हणजे बेकायदा, विषय संपला. दोन्ही बाजू अर्धवट आहेत. त्या अर्धवटपणाची किंमत कार्यकर्त्यांना मोजावी लागते, म्हणून हा धागा. महाराष्ट्रापुरतंच बोलू, कारण आपल्याकडचा पोलीस कायदा वेगळा आहे.

अनुच्छेद 19(1)(अ) भाषणाचं स्वातंत्र्य देतो आणि 19(1)(ब) शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचं. मर्यादा 19(2) आणि 19(3) मध्ये आहेत. "सार्वजनिक सुव्यवस्था" हा शब्द 19(2) मध्ये 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, आणि "वाजवी" हे बंधनावरचं बंधनही त्याच दुरुस्तीने आलं. कोर्टातला बहुतेक वाद या "वाजवी" शब्दाभोवतीच फिरतो.

प्रत्यक्षात तुमच्या मोर्चाला तीन वेगवेगळ्या गोष्टी लागू होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 33. या कलमाखाली मिरवणुकीचा मार्ग, वेळ, वागणूक यांचे नियम करता येतात. हे नियमन झालं, बंदी नव्हे.

दुसरी, त्याच कायद्याचं कलम 37. वर्तमानपत्रात "कलम 37(1)(3) लागू" असं एका दमात छापतात, पण पोटकलमं दोन आहेत. 37(1) वस्तू आणि वर्तनाबद्दल आहे : काठ्या, शस्त्रं, दाहक पदार्थ, दगड जवळ बाळगणं, प्रेतं किंवा आकृत्या, पुतळे यांचं प्रदर्शन, सुव्यवस्थेला बाधा येईल अशा घोषणा, गाणी, भाषणं. 37(3) जमाव आणि मिरवणुकीबद्दल आहे. तो आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. शिक्षेतही मोठा फरक आहे : कलम 135 खाली 37(1) मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, 37(3) मोडलं तर फक्त दंड. पुतळा जाळताना हा फरक कुणाच्या लक्षात नसतो. नुसतं जमल्यापेक्षा पुतळा आणल्याने कागदावरचं प्रकरण जास्त जड होतं.

तिसरी, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं 144, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. हा आदेश दंडाधिकाऱ्याचा, मुदत दोन महिने. राज्य सरकार ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं.

तेव्हा "परवानगी नाही" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या कलमाखालचा, कोणत्या तारखेचा आदेश लागू आहे? त्याची प्रत मागायची. काश्मीरमधल्या निर्बंधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध करावेच लागतात, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचंय त्याला ते देता येतं. पुन्हापुन्हा तोच आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हेही त्याच निकालात आहे.

---

गोदाकाठ

चांगला धागा. पण मूळ मुद्दा तुम्ही सौम्य केलात. 19(1)(ब) मध्ये "परवानगी" हा शब्दच नाही. आपण पोलिसांना कळवतो. अर्जाच्या मथळ्यात "परवानगी मिळणेबाबत" लिहिलं की आपणच हक्काची याचना करून टाकतो. "आंदोलनाची सूचना व बंदोबस्ताची विनंती" असं लिहावं, या मताचा मी आहे.

---

वकिली_नजर

गोदाकाठ, मथळ्याबद्दल पूर्ण सहमत. पण मैदान किंवा रस्ता वापरायचा तर मामला नुसत्या सूचनेवर भागत नाही. याचा पाया 1972 चा हिंमतलाल शाह निकाल आहे, अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्धचा. गुजरात आधी मुंबई राज्यात असल्याने कायदा तोच, मुंबई पोलीस अधिनियम, कलम 33. सार्वजनिक रस्त्यावर सभेसाठी आधी परवानगी घ्या, पण ती कशाच्या आधारावर द्यायची वा नाकारायची याचा एकही निकष नाही, असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नियमन करा, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क टांगू नका, हा त्याचा अर्थ. त्याच निकालात हेही आहे की वाटेल त्या जागी, वाटेल तेव्हा सभा घेण्याचा हक्क कुणालाच नाही.

आणखी एक, जे ठाण्यात सांगावं लागतं : परवानगी नसलेला जमाव आपोआप "बेकायदेशीर जमाव" होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम 189 ला (जुनं 141-143) पाच किंवा अधिक माणसं आणि त्या कलमात दिलेल्या उद्दिष्टांपैकी एखादं समाईक उद्दिष्ट लागतं : बळाचा धाक, कायद्याच्या अंमलाला विरोध, नुकसान वगैरे. परवानगी नसणं हे त्या यादीत नाही. मात्र पोलिसांनी पांगण्याचा आदेश दिल्यावर थांबलात, तर चित्र बदलतं.

---

कागदपत्रे

तत्त्व कितीही भक्कम असलं तरी कोर्टात पहिला प्रश्न "अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय?" हाच येतो. म्हणून अर्जाबद्दल सविस्तर लिहितो.

कार्यक्रमाच्या किमान सात-आठ दिवस आधी द्या. मुंबईसाठी 2025 मध्ये सार्वजनिक सभा, आंदोलने व मिरवणुकांचे स्वतंत्र नियम झाले आहेत. तिथे आधी तो नमुना बघा आणि मगच तारीख जाहीर करा. बाकी ठिकाणी साधा अर्ज चालतो, पण त्यात पुढचं सगळं हवंच : संघटनेचं नाव, जबाबदारी घेणाऱ्या पाच जणांची नावं, पत्ते, मोबाईल, विषय एका ओळीत, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग चौकाचौकासह, अपेक्षित संख्या, गाड्या किती आणि उभ्या कुठे करणार, मंचाचं माप, लाऊडस्पीकर आहे का, कर्णे किती, स्वयंसेवक किती, निवेदन कोण देणार, किती जणांचं शिष्टमंडळ, कोणत्या अधिकाऱ्याला.

अर्ज पोलीस ठाण्याला, प्रत वाहतूक शाखेला, प्रत मैदानाच्या मालकाला (मनपा, नगरपरिषद, संस्था, जो असेल तो). प्रत्येकाकडून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "साहेब आल्यावर शिक्का मारतो, ठेवून जा" असं म्हणाले तर नम्रपणे थांबा, किंवा त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. तोंडी "हो, करा" याला काहीही किंमत नाही. तोंडी "नाही" ला तर त्याहून नाही, कारण तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही.

सगळ्यात जास्त चूक संख्येत होते. नकार येऊ नये म्हणून 200 लिहितात आणि हजार माणसं आणतात. मग बंदोबस्त 200 चा, बॅरिकेडची मांडणी 200 ची, आणि चेंगराचेंगरी झाली तर "अटीचा भंग आयोजकांनी केला" हे तुमच्याच सहीने सिद्ध. जास्तीत जास्त शक्य आकडा लिहा.

उत्तर आलं नाही तर दोन दिवस आधी स्मरणपत्र द्या आणि त्यात एक वाक्य घाला : "नकार असल्यास तो कारणांसह लेखी द्यावा." हे वाक्य पुढे उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 च्या याचिकेला जोडलं जातं. शुक्रवारी संध्याकाळी नकार आणि रविवारी मोर्चा, अशी वेळ येऊ नये म्हणून कार्यक्रम शक्यतो बुधवार-गुरुवारचा ठेवा, म्हणजे आदल्या दिवशी कोर्ट चालू असतं.

---

मुक्ता_सातारा

हे सगळं केल्यावरही सरळ नाकारलं तर? "कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता" हे एकच वाक्य सगळ्या नकारांत असतं.

---

वकिली_नजर

मुक्ताताई, त्या वाक्यासाठी माजलगावचा निकाल हाताशी ठेवा. जानेवारी 2020 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर धरणं धरायचं होतं. बीडच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम 37 चा आदेश दाखवून पोलिसांनी परवानगी नाकारली. औरंगाबाद खंडपीठाने 13 फेब्रुवारी 2020 ला आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. आदेशाची भाषा सर्वांना लागू असल्यासारखी होती, पण रोख या आंदोलकांवरच होता, हे न्यायालयाने ओळखलं. एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. नकारात ठोस माहिती हवी : काय धोका, कशावरून, कमी कडक अट घालून तो टाळता का येत नाही. हे तीन प्रश्न याचिकेत विचारायचे.

163 च्या आदेशावर आणखी एक जवळचा रस्ता आहे. तो रद्द करावा किंवा बदलावा म्हणून त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि अर्जदाराला म्हणणं मांडायची लवकर संधी द्यावीच लागते. हा रस्ता फार कमी लोक वापरतात. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या 1956 च्या वादातून आलेल्या बाबूलाल पराते खटल्यात (निकाल 1961) सर्वोच्च न्यायालयाने 144 वैध ठरवलं, त्यामागे अशा संरक्षक तरतुदी आहेत हा आधार होता. संरक्षण कागदावर आहे, तर ते वापरा.

---

बंदोबस्त

पोलिसांच्या बाजूने गणित कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अर्ज लिहिताना उपयोग होईल.

अर्ज आला की गोपनीय शाखा तीन गोष्टी बघते : आधीच्या आंदोलनात काय झालं, त्याच दिवशी विरोधी गटाचा कार्यक्रम आहे का, आणि मार्गात दवाखाना, शाळा, धार्मिक स्थळ, बाजार काय आहे. आयोजकांनी हेच तीन मुद्दे आधीच अर्जात सोडवले तर नकार लिहिणं अवघड होतं. "आठवडी बाजार मंगळवारी असल्याने आम्ही बुधवार निवडला आहे" या एका ओळीने खूप फरक पडतो.

मोर्चाआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची, गुन्हा घडू नये म्हणून ताकीद देणारी नोटीस येते, लोक अजून तिला "149 ची नोटीस" म्हणतात. ती शिक्षा नव्हे, गुन्हाही नव्हे. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. घ्यायला नकार देऊन काही मिळत नाही. मात्र पुढे काही घडलं तर "आयोजकांना पूर्वकल्पना दिली होती" याचा तो पुरावा असतो, हे ध्यानात ठेवा.

"ताब्यात घेतलं आणि संध्याकाळी सोडलं" हे बहुतेक वेळा पोलीस अधिनियमाच्या कलम 68-69 खाली असतं : निर्देश पाळले नाहीत म्हणून बाजूला नेणं आणि प्रसंग टळल्यावर सोडणं. नागरिक सुरक्षा संहितेच्या 170 (जुनं 151) खाली नेलं तर ती प्रतिबंधात्मक अटक आहे, 24 तासांची मर्यादा आहे. कोणत्या कलमाखाली नेताय, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. स्टेशन डायरीला नोंद झाली का, तेही विचारा. धक्काबुक्की मात्र अजिबात नको. न्याय संहितेचं 132 (जुनं 353, लोकसेवकावर बळाचा वापर) अजामीनपात्र आहे, आणि ढकलाढकलीत कुणाचा हात कुणाला लागला हे नंतर व्हिडिओवर ठरतं.

झेंड्याच्या काठीवरून दर वेळी वाद होतो. 37(1) चा आदेश असताना जाड बांबू ही "काठी"च. बोटाएवढ्या जाडीची पोकळ प्लास्टिकची नळी वापरा, कुणी हरकत घेत नाही.

---

टी_पॉइंट

नागपूर अधिवेशनाच्या अनुषंगाने लिहितो. 23 नोव्हेंबर 1994 ला मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ गोवारी समाजाच्या मोर्चात 114 जणांचा चेंगरून जीव गेला. त्यात बायका आणि मुलं जास्त. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी ही त्यांची मागणी होती. आंदोलनाच्या हक्काची चर्चा कलमांपुरती राहते आणि गर्दीच्या रचनेवर कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गर्दी मरते ती बहुधा तिला बाहेर पडायला वाट नसते म्हणून. पुढे बॅरिकेड, मागून येत राहणारी माणसं, दोन्ही बाजूंना भिंत किंवा कुंपण. पुढच्यांना थांबवल्याचं मागच्यांना कळत नाही. त्यात लाठी चालली किंवा "मंत्री आले" अशी अफवा उठली की लाट येते. यावर करायचं काय?

मोर्चा एकसंध नको, तुकड्यांत हवा. दोन तुकड्यांमध्ये 50 फुटांचं अंतर आणि प्रत्येक तुकडीच्या शेपटीला शिट्टीवाला स्वयंसेवक. पुढे थांबलं की शिट्टी मागे-मागे पोचते. वीस-पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक, छातीवर ठळक बिल्ला. बायका-मुलं, म्हातारी माणसं कधीही बॅरिकेडच्या थेट मागे नकोत; कॅमेऱ्यासाठी त्यांना पुढे आणायची पद्धत धोक्याची आहे. जिथे मोर्चा अडवणार तिथली जागा आदल्या दिवशी पायी बघून या : बाजूला उघडणारी गल्ली आहे का, नाला उघडा आहे का, फाटक बंद असतं का. बैठकीत पोलिसांना एकच मागणी ठामपणे करा, बॅरिकेडला एका बाजूने किमान रुग्णवाहिका जाईल एवढी वाट राहू द्या. ही अट ते तुम्हाला घालतात तशी तुम्ही त्यांनाही घालू शकता, आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेऊ शकता.

---

गोदाकाठ

टी_पॉइंट, ही पोस्ट छापून प्रत्येक संघटनेच्या कार्यालयात लावावी.

शिस्तीची आपल्याकडची दोन उदाहरणं नोंदवतो. 9 ऑगस्ट 2016 ला औरंगाबादेतून सुरू झालेले मराठा मूक मोर्चे : घोषणा नाहीत, मंचावर नेते नाहीत, निवेदन मुलींच्या हस्ते, मागे रस्ता झाडून घेणारे स्वयंसेवक. आणि मार्च 2018 चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च, सुमारे 180 किलोमीटर. 12 मार्चला दहावीचा पेपर होता, म्हणून सोमय्या मैदानावर मुक्काम न करता रक्ताळलेल्या पायांनी शेतकरी रात्रीच चालत आझाद मैदानात पोचले. मुंबईकर चपला आणि पाणी घेऊन रस्त्यावर आले ते त्यामुळे.

---

मुक्ता_सातारा

पण आझाद मैदानाबद्दलच माझी तक्रार आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो मंत्रालयात, आणि आपण कुंपणाआड मैदानाच्या कोपऱ्यात. आवाज पोचू नये अशीच ती सोय आहे. शाहीनबागच्या निकालात (7 ऑक्टोबर 2020) आंदोलनं ठरलेल्या जागीच व्हावीत, असं म्हटल्यापासून ही प्रवृत्ती आणखी वाढली.

---

वकिली_नजर

तक्रार रास्त आहे, आणि न्यायालयानेही ती ऐकलेली आहे. दिल्लीत जंतरमंतरवर 2017 मध्ये हरित लवादाने आंदोलनबंदी केली, तेव्हा मजदूर किसान शक्ती संघटनेच्या याचिकेवर 23 जुलै 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण बंदी अमान्य केली आणि पोलिसांना मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. रहिवाशांचा हक्क आणि आंदोलकांचा हक्क दोन्ही सांभाळा, एकाने दुसऱ्याला गिळू नये, हा त्याचा गाभा. शाहीनबागचा निकाल वाचताना हा आधीचा निकाल बाजूला ठेवून चालत नाही.

आझाद मैदानाची अलीकडची परीक्षा म्हणजे मनोज जरांगे पाटील यांचं 29 ऑगस्ट 2025 चं उपोषण. परवानगी एका दिवसाची, सकाळी 9 ते संध्याकाळी 6, जास्तीत जास्त 5,000 लोक. प्रत्यक्षात गर्दी मैदानाबाहेर सीएसएमटी, महापालिका चौकापर्यंत गेली. उच्च न्यायालयाने 2 सप्टेंबरपर्यंत रस्ते मोकळे करायला सांगितलं, त्याच दिवशी हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला आणि उपोषण सुटलं. मागणी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. इथे धडा अटींबद्दलचा आहे. पाच हजारांची अट स्वीकारताना ती पाळता येणार नाही हे दिसत असेल तर तेव्हाच लेखी हरकत घ्यायची, जास्त मोठी जागा मागायची. अट निमूट घेऊन नंतर मोडली की कोर्टातली सहानुभूती जाते.

उपोषणाबाबत नवी गोष्ट : आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं 309 न्याय संहितेत राहिलं नाही, पण कलम 226 आलंय. लोकसेवकाला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. आमरण उपोषणाच्या निवेदनात "मरेपर्यंत", "प्राणत्याग करू" अशी भाषा आपल्याकडे सर्रास असते. ती टाळा. "मागणी मान्य होईपर्यंत अन्नत्याग" लिहा, सरकारी डॉक्टरची रोजची तपासणी नाकारू नका. आत्मदहनाचा इशारा तर मुळीच देऊ नका. मागणी बाजूला पडते आणि पोलीस फक्त तुम्हाला उचलण्याच्या मागे लागतात.

---

पणजीकर

गोंयातलो प्रश्न. इथे 37 लागू आहे का? पणजीच्या आझाद मैदानावर सभा घेण्यासाठी विचारतोय.

---

वकिली_नजर

नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम गोव्याला लागू नाही. तिथे जिल्हादंडाधिकाऱ्यांचे 163 चे आदेश बघायचे. मैदानाची आणि लाऊडस्पीकरची परवानगी मात्र वेगवेगळी घ्यावी लागते, हे दोन्हीकडे सारखंच.

---

कागदपत्रे

लाऊडस्पीकरचं इथेच उरकतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र. दिवसा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65, शांतता क्षेत्रात 50. जिल्हा रुग्णालय आणि न्यायालय बहुतेक गावांत कलेक्टर कचेरीच्या आसपासच असतात, म्हणून मंचाची जागा ठरवताना अंतर टेपने मोजून घ्या. भोंगा गर्दीकडे वळवा, इमारतीकडे नको.

---

मुक्ता_सातारा

आता मूळ शीर्षकातल्या तिसऱ्या भागाकडे. वक्त्याने काय बोललं तर गुन्हा होतो? आमच्या तरुण कार्यकर्त्यांना एक तर काहीही बोलायचं असतं, नाहीतर भीतीने काहीच बोलायचं नसतं.

---

वकिली_नजर

वाक्यंच घेऊन बघू.

"हा कायदा जुलमी आहे, सरकार शेतकऱ्यांचं वैरी आहे, हे सरकार आम्ही पाडू." निवडणुकीच्या संदर्भात हे शंभर टक्के सुरक्षित. 1962 च्या केदारनाथ सिंह निकालापासून सरकारवरची कडवी टीकाही देशद्रोह नाही. हिंसेला चिथावणी किंवा अराजक माजवण्याचा कल लागतो. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना 2012 मध्ये मुंबईत देशद्रोहाखाली अटक झाली, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये हीच रेषा पुन्हा ओढून दिली. देशद्रोहाच्या जागी आलेलं न्याय संहितेचं कलम 152 शब्दांनी जास्त पसरट आहे, पण सरकारी धोरणांवरच्या नापसंतीबद्दलचं स्पष्टीकरण त्यातही आहे.

"अमुक समाजाच्या दुकानात पाऊल ठेवू नका, त्यांना गावाबाहेर काढा." हे थेट न्याय संहितेचं 196 (जुनं 153-अ), म्हणजे समाजांत तेढ पसरवणं. तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. इथे माझी सहानुभूती वक्त्याकडे नाही. राग धोरणावर काढा, माणसांच्या जन्मावर नको.

"तहसीलदार पैसे खातो." पुरावा हातात नसेल तर बदनामी, 356. त्याऐवजी : "आमचा अमुक तारखेचा अर्ज आठ महिने पडून आहे, त्याच तारखेचे इतर अर्ज निकाली निघाले, का ते सांगा." हे जास्त बोचतं आणि कुठल्याही कलमात बसत नाही.

"उद्या कार्यालयाला टाळं ठोका, जो अडवेल त्याला आडवा करा." पहिला भाग सरकारी कामात अडथळा, दुसरा हिंसेची चिथावणी. दुसऱ्या अर्ध्या वाक्याने पूर्ण सभेचं स्वरूप बदलतं, आणि जमावाच्या समाईक उद्दिष्टाच्या कलमाने मागे उभ्या असलेल्या, काही न बोललेल्या माणसालाही ओढून घेतलं जाऊ शकतं.

2015 च्या श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने तीन पायऱ्या केल्या : चर्चा, पुरस्कार, चिथावणी. पहिल्या दोन कितीही टोचल्या तरी मोकळ्या, तिसरीला बंधन लागतं. त्या खटल्याचं मूळ पालघरचं आहे : नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद असताना फेसबुकवर लिहिलेल्या पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ रद्द होण्यापर्यंत गोष्ट गेली.

---

टी_पॉइंट

यात नागपूरचं एक योगदान जोडतो. भाषण भडकाऊ आहे की नाही हे कुणाच्या नजरेने बघायचं? 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात कसोटी घालून दिली : विवेकी, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी शब्दात धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात गुन्हा रद्द करताना हीच कसोटी वापरली.

---

वकिली_नजर

आणि त्याच निकालातली व्यवहारातली गोष्ट : तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) प्रमाणे, उपअधीक्षकांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषणाच्या प्रकरणात तो मार्ग वापरणं योग्य, असं न्यायालय म्हणतं. कुणी तुमच्या भाषणाविरुद्ध तक्रार दिल्याचं कळलं तर ठाण्यात लगेच लेखी अर्ज द्या की 173(3) खाली आधी चौकशी करावी, आणि पूर्ण भाषणाचं न कापलेलं रेकॉर्डिंग सोबत जोडा. प्रत्येक सभेचं स्वतःचं सलग रेकॉर्डिंग ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

हातकणंगले ठाण्यातला गुन्हाही लक्षात ठेवा. 370 रद्द झाल्याचा दिवस "काळा दिवस" म्हणणारा आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवला म्हणून एका प्राध्यापकावर 153-अ लागलं होतं. उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 ला गुन्हा रद्द केला. शेवटी न्याय मिळाला, पण मधला काळ कुणी भरून देत नाही. म्हणून मी म्हणतो, चूक कायद्याच्या शब्दांत कमी आणि गुन्हा नोंदवण्याच्या घाईत जास्त आहे.

---

बंदोबस्त

बंदबद्दल कुणी बोललं नाही. संप वेगळा, बंद वेगळा. सक्तीने दुकानं बंद करायला लावणारा बंद घटनाबाह्य, हे केरळ उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं. घाटकोपर स्फोटानंतरच्या 30 जुलै 2003 च्या बंदसाठी मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप दोघांना प्रत्येकी 20 लाख भरायला लावले. 24 ऑगस्ट 2024 चा महाराष्ट्र बंद (बदलापूर प्रकरण) आदल्या दिवशी न्यायालयाने रोखला, तेव्हा पक्षांनी तोंडाला काळ्या पट्ट्या लावून निदर्शनं केली. "दुकानं बंद ठेवण्याचं आवाहन" चालतं, शटरवर काठी आपटणं चालत नाही. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं तर 1984 चा कायदा आहे, पाच वर्षांपर्यंत. आग लावली तर दहापर्यंत.

---

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न, जो कार्यकर्त्यांच्या घरचे विचारतात : गुन्हा दाखल झाल्यावर पुढे काय? सरकार नंतर आंदोलनाचे गुन्हे मागे घेतं ना?

---

कागदपत्रे

घेतं, पण आपोआप नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनांचे खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. अटी ठरलेल्या असतात : जीवितहानी नसावी, आणि खासगी व सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान 5 लाखांच्या वर नसावं. समितीकडे प्रकरण जातं, मग सरकारी वकील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 (जुनं 321) खाली न्यायालयात अर्ज करतो, न्यायालय संमती देतं तेव्हा खटला संपतो. नव्या संहितेत पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय मागे घेता येत नाही. आजी-माजी आमदार-खासदारांचं नाव असेल तर ऑगस्ट 2021 पासून उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. म्हणून एकाच गुन्ह्यात नेत्याबरोबर नाव असलेला साधा कार्यकर्ता अडकून राहू शकतो.

पहिल्या दिवशी करायचं ते असं. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात त्याच संहितेच्या 35(3) ची हजर राहण्याची नोटीस येते. तिला न चुकता हजर राहा, गैरहजेरी हेच अटकेचं कारण बनतं. अटक झालीच तर कारणं लेखी, कळणाऱ्या भाषेत मागा. बायकांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद असाधारण परिस्थितीचा, आणि तेव्हाही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. न्याय संहितेचं 223 (जुनं 188, लोकसेवकाचा आदेश मोडणं) लावलं असेल तर ज्याचा आदेश मोडला त्या लोकसेवकाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही, हे वकिलाला आठवण करून द्या. 196 आणि 299 (धार्मिक भावना दुखावणं) ला सरकारची पूर्वमंजुरी लागते, ती तारखेसह तपासा.

रेल रोको मात्र वेगळा धरा. रेल्वे अधिनियमाचं 174, दोन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा रेल्वे सुरक्षा दलाकडे. तो कायदा केंद्राचा असल्याने राज्याच्या शासन निर्णयाने हे खटले सुटत नाहीत, केंद्राची परवानगी लागते. दहा मिनिटं रुळावर बसण्याआधी एवढं प्रत्येकाला सांगून ठेवा, आणि ज्याची नोकरीची पोलीस पडताळणी बाकी आहे त्याला स्टेशनच्या बाहेर पत्रकं वाटायला उभं करा.